पहिली ऑर्डर मावशीची, दुसरी कोणाची?

ऑफिसातले सगळ्यात भारी बिझनेस प्लॅन कुठे बनतात, सांगा पाहू? कॉन्फरन्स रूममध्ये नाही बॉस, खालच्या चहाच्या टपरीवर! त्यातून अप्रेझलचं पत्र हातात पडलेला दिवस असेल तर विचारूच नका. कोणी म्हणतं, आईचे मसाले नेटवर विकू. कोणी म्हणतं, पैठणीच्या काठाच्या पर्सेस. कोणी नुसतंच म्हणतं, ‘यार, काहीतरी आपलं पाहिजे.’ कटिंग संपतो, प्लॅनही संपतो आणि मंडळी लिफ्टकडे वळतात.

पण प्रत्येक ग्रुपमध्ये एखादी अशी असतेच, जिच्या डोक्यातून तो प्लॅन काही जात नाही. माझी एक मैत्रीण त्यातलीच. नोकरी हिंजवडीत, माहेर कोल्हापूरचं. वर्षभरापूर्वी तिने इन्स्टाग्रामवर कोल्हापुरी चपलांचं पेज सुरू केलं. आज अकरा हजार फॉलोअर्स आहेत, रील्सवर बदामांचा पाऊस आहे आणि मेलच्या ड्राफ्ट्समध्ये राजीनाम्याचं पत्र तयार आहे. डोक्यावर फ्लॅटचा हप्ताही आहे. मध्यंतरी तिने मला सरळ विचारलं, ‘पाठवू का रे?’

मी उलटा प्रश्न केला, ‘तुझ्याकडून दुसऱ्यांदा चप्पल घेणारे किती आहेत?’

‘पहिल्यांदा घेणारे सांगू का?’ ती म्हणाली.

दोस्तहो, सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे. पहिली ऑर्डर मावशीची असते. पुढच्या दहा मैत्रिणींच्या, त्यापुढच्या जाहिरातीच्या. धंदा सुरू होतो तो दुसऱ्या ऑर्डरपासून. का, ते आकड्यांतच बघू.

एका जोडाचा हिशोब

खालचे आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. तुम्ही तुमचे टाका.

चपलेचा एक जोड तुम्ही १०५० रुपयांना विकला. त्यातला ५ टक्के जीएसटी म्हणजे ५० रुपये सरकारचे. ते तुमचे कधीच नव्हते, त्यामुळे त्यांच्याकडे बघूही नका. राहिले १०००. कारागिराला दिले ५५०. खोका आणि पॅकिंग ३५. कुरिअर ९०. ऑनलाइन पेमेंटचा खर्च २५. आणि जाहिरात? २००० रुपये टाकल्यावर दहा ऑर्डरी आल्या, म्हणजे एका ऑर्डरीमागे २००. सगळं मिळून झाले ९००. हातात राहिले १०० रुपये.

‘शंभर तर शंभर, हजार जोड विकले की लाख!’ असं म्हणून पार्टी करायला निघाला असाल तर थांबा. चपलेला साइझ असतो आणि साइझ चुकला की चप्पल परत येते. परत आलेल्या जोडावर जातानाचे ९०, येतानाचे ९०, खोक्याचे ३५ आणि जाहिरातीचे २०० असे ४१५ रुपये पाण्यात जातात. दहापैकी दोन जोड परत आले, असं धरा. आठ जोडांचे मिळाले ८००, दोन जोडांचे गेले ८३०. म्हणजे दहा ऑर्डरी पॅक करून, दहा लेबलं चिकटवून, कुरिअरवाल्याला दहा फोन करून तुम्ही कमावले उणे ३० रुपये! तुमचा रविवार यात धरलेलाच नाही.

आता गंमत बघा. परत येणारे जोड दोनावरून एकावर आणले, तर त्याच दहा ऑर्डरींत ४८५ रुपये राहतात. आणि जुनाच ग्राहक जाहिरात न बघता स्वतःहून पुन्हा आला, तर त्याच्यासाठीचे २०० वाचतात आणि एका जोडावर १०० ऐवजी ३०० सुटतात. भाव तोच, कारागीर तोच, नफा तिप्पट! फंडा एवढाच आहे. जे जातं ते परत येऊ द्यायचं नाही आणि जो येतो तो परत आला पाहिजे.

कॅशचा मोह

आपल्याकडे ऑनलाइन खरेदी खेडोपाडी पोचली त्यात ‘कॅश ऑन डिलिव्हरी’चा मोठा वाटा आहे. २०१० मध्ये फ्लिपकार्टने ती सोय आणली आणि ज्याच्याकडे कार्ड नव्हतं, ज्याचा नेटवर भरवसा नव्हता, तो गिऱ्हाईकही आला. ग्राहकासाठी झक्कास! विक्रेत्याची मात्र गोची होते. दारावर कुरिअरवाला उभा असताना ‘नको, राहू दे’ म्हणायला ग्राहकाला एक पैसा लागत नाही. तुम्हाला मात्र लागतात ते ४१५.

म्हणून सोय बंद करू नका, पण माल पाठवण्याआधी व्हॉट्सअॅपवर एक मेसेज टाकून ऑर्डर पक्की करून घ्या. आधी पैसे भरणाऱ्याला ५० रुपये कमी करा. पन्नास रुपये सोडायला जीवावर येतं मान्य, पण ४१५ पेक्षा ते कधीही परवडले.

रील कशासाठी?

१९९५ मध्ये अमेरिकेत पिअर ओमिडयार नावाच्या तरुणाने एक लिलावाची साइट काढली. हीच पुढे ईबे म्हणून गाजली. तिच्यावर विकली गेलेली पहिली वस्तू कोणती होती? मोडका लेझर पॉइंटर! किंमत १४.८३ डॉलर. आणि तो मोडका आहे हे जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं होतं. तरी घेणारा भेटला.

आपल्या रील्समध्ये नेमकं हेच नसतं. गाणं असतं, स्लो मोशन असतं, सूर्यास्त असतो. चप्पल मात्र कामाची गोष्ट सांगत नाही. कोल्हापुरी नवी असताना चावते, हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मग तेच सांगा ना! पहिले चार दिवस घरात घाला, तेल कुठे आणि किती लावायचं ते दाखवा, पावसात घालू नका हे बजावून सांगा. साइझचा आकडा विचारण्याऐवजी ग्राहकाला कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने आखायला सांगा आणि त्याचा फोटो पट्टीसकट मागवा. हे रील कदाचित लाखभर लोक बघणार नाहीत. पण जे बघतील त्यांचा जोड परत येणार नाही.

सांगण्यासारखं तर केवढं तरी आहे. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने अगदी तशाच सँडल्स दाखवल्या, तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! शेवटी आपली प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलांची आहे, हे कंपनीला मान्य करावं लागलं. ही गोष्ट तुमच्या पेजवर कारागिराच्या तोंडून आली, त्याचे हात दिसले, एका जोडाला लागणारा वेळ दिसला, तर १०५० रुपये का, हा प्रश्न कमेंटमध्ये कोणी विचारणार नाही.

एक पथ्य मात्र पाळा. कुणा इन्फ्लुएन्सरला फुकट जोड पाठवून व्हिडिओ करून घेणार असाल, तर ‘हे मला भेट मिळालं’ असं तिने सांगायलाच हवं. जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ पासून आहेत आणि ग्राहक व्यवहार खात्यानेही २०२३ च्या जानेवारीत तेच बजावलं आहे.

दुकान कोणाचं, गिऱ्हाईक कोणाचं?

आता जरा अप्रिय विषय. तुमचे अकरा हजार फॉलोअर्स तुमचे नाहीत. तुम्ही भाड्याच्या जागेत बसला आहात आणि मालकाने भाडेपट्टा दिलेला नाही.

आठवून बघा. मुंबईत २००० साली सुरू झालेलं बाझी डॉट कॉम २००४ मध्ये ईबेने साधारण ५ कोटी डॉलरना घेतलं. पुढे २०१७ मध्ये ईबेचा भारतातला कारभार फ्लिपकार्टकडे गेला आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ईबे इंडियाचं शटर खाली आलं. तिथे वर्षानुवर्षं जमवलेले स्टार्स विक्रेत्यांना थोडेच पिशवीत घालून दुसरीकडे नेता येणार होते? आपलं लाडकं ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं. आणि २९ जून २०२०? त्या रात्री टिकटॉकवर बंदी आली. गावोगावच्या पोरापोरींचे लाखो फॉलोअर्स एका सरकारी आदेशात हवेत विरले. त्यांचं नाचणं, अभिनय काही कमी पडला नव्हता, स्टेजच गेलं.

म्हणून भाड्याच्या जागेत बसू नका असं मी म्हणत नाही. गर्दी तिथेच आहे, तिथे बसायलाच हवं. पण ग्राहकाचं नाव आपल्या वहीत हवं. त्याला विचारून, त्याच्या परवानगीने, नाव, नंबर, पावलाचं माप आणि घेतल्याची तारीख एका साध्या एक्सेल शीटमध्ये उतरवा. स्वतःच्या नावाचं डोमेन घेऊन ठेवा, त्याला वर्षाला साधारण हजारभर रुपये लागतात. मार्केटप्लेसवर विकत असाल तर तिथला ग्राहक त्यांचा असतो. खोक्यात आपल्या साइटची चिठ्ठी टाकून त्याला वळवायला अनेकांच्या नियमांत बंदी असते, तेव्हा आधी करार वाचा.

आणि जमलेल्या नंबरांवर रोज ‘गुड मॉर्निंग’ पाठवू नका, प्लीज! चप्पल घेऊन दोन महिने झाले की एकच मेसेज टाका, ‘चप्पल कशी आहे? तेल लावलं का?’ लक्ष्मी रोडवरचा जुना दुकानदार तरी वेगळं काय करतो? ‘काय ताई, मागची साडी टिकली ना?’ म्हणतो आणि नवा गठ्ठा सोडतो.

माझ्या मैत्रिणीने असंच एका रविवारी जुनं चॅट उपसून वही भरली. दीडशेच्या वर ग्राहक निघाले. दुसऱ्यांदा आलेले नऊ. फॉलोअर्सच्या आकड्याने जे दडवलं होतं, ते त्या नवाने सांगितलं. तिने त्या नऊ जणांना फोन केले. बहुतेकांचं उत्तर एकच होतं, पहिल्या जोडाचा साइझ बरोबर बसला होता. आता ती पाऊल आखून घेतल्याशिवाय ऑर्डरच घेत नाही. राजीनाम्याचं पत्र अजून ड्राफ्ट्समध्येच आहे, पण खाली तिने स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवलीय: ‘नवाचे नव्वद झाल्यावर.’

कागद आधी, केक नंतर

लाँचचा केक कापण्याआधी चार कागद तपासा. पहिला, तुमचं अपॉइंटमेंट लेटर. दुसरा उद्योग करण्याबद्दल त्यात काय लिहिलंय? २०२२ च्या सप्टेंबरमध्ये विप्रोच्या रिशाद प्रेमजींनी, प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं जाहीर केलं होतं. चपला विकणं म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं काम नव्हे, पण अट वाचलेली बरी. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या वेळेत ऑर्डरी घेणं टाळा.

दुसरा, जीएसटी. राज्याबाहेर माल विकायचा तर सर्वसाधारणपणे उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी लागते. राज्यातल्या राज्यात मार्केटप्लेसवर विकणाऱ्या छोट्यांना ऑक्टोबर २०२३ पासून सवलत आहे, काही हस्तकलेच्या वस्तूंनाही आहे. आपण कशात बसतो यासाठी सीएला तासाभराची फी द्या, ती वसूल होते. तिसरा, आईचे मसाले किंवा लोणची विकणार असाल तर अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी हवीच. ‘घरगुती आहे हो’ हे उत्तर चालत नाही आणि तो १४ आकडी नंबर पाकिटावर छापावा लागतो. चौथा, बँकेचं वेगळं खातं. पगार आणि धंदा एकाच खात्यात कालवला की नफा झाला की नाही हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

मग राजीनामा कधी?

माझं गणित सोपं आहे. घरातला सहा महिन्यांचा खर्च, हप्त्यासकट, बाजूला असावा. सलग तीन महिने निव्वळ जुन्या ग्राहकांच्या ऑर्डरींमधून तो हप्ता निघावा. आणि परत येणाऱ्या मालाचं प्रमाण दर महिन्याला घटतं असावं. तिन्ही जमलं तर बिनधास्त सेंड दाबा. दोनच जमली तर शनिवार-रविवार चालू ठेवा. एकही जमलं नसेल तर तुमच्याकडे सध्या एक छान छंद आहे, त्याचा आनंद घ्या!

या रविवारचा होमवर्क: एक कोरा कागद घ्या. वरच्या हिशोबात तुमच्या वस्तूचे खरे आकडे भरा. मग शेवटच्या वीस ग्राहकांची नावं लिहा. त्यातली मावशी, आत्या, वहिनी आणि ऑफिसची टीम खोडा. उरलेल्यांपैकी जो दुसऱ्यांदा आला त्याच्या नावाला गोल करा आणि सोमवारी त्यालाच पहिला फोन लावा. काही विकू नका, फक्त विचारा, ‘परत का आलात?’

तो जे सांगेल, तोच तुमचा बिझनेस प्लॅन.