शेगडी बाहेर, हिटर जपून

नागपूरच्या थंडीत घराला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत शिलाई, सुतारकाम करणारे आपले बांधव दार लावून कोळशाची शेगडी पेटवतात. तिच्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि जीवही जातो.

म्हणून कामाच्या खोलीत विजेचा हिटर ही चैन नव्हे, असं माझं ठाम मत आहे. मात्र २००० वॅटचा हिटर सुमारे ९ अँपिअर ओढतो. तो ६ अँपिअरच्या प्लगवर लावला तर वायर तापून आग लागू शकते. आधी १६ अँपिअरचा, अर्थिंगचा पॉइंट करून घ्या. कापड, भुसा तीन फूट दूर ठेवा. थिनर त्या खोलीत नकोच.

तासाला दोन युनिट जातात, हे खरं. तेव्हा अख्खी खोली नको, बसायची जागा तेवढी तापवा. पण बिलाच्या भीतीनं शेगडी पुन्हा आत आणू नका.