पावडरचा डबा की घरचे दूध?

पोलीस भरती जवळ आली की जळगाव-धुळ्याची मैदाने पहाटेच गजबजतात. १६०० मीटर धावण्याचा सराव करणारी खेड्यातली मुले माझ्या दवाखान्यात येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टरसाहेब, कोणती पावडर घेऊ?" मी उलट विचारतो, "घरी म्हैस आहे का?" बहुतेकांकडे असते. पण दूध सगळे डेअरीला जाते आणि मुलगा कोरा चहा पिऊन धावतो. मग दुधाच्याच पैशातून महागडा डबा येतो. हा व्यवहार मला पटत नाही.

पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने आणि २४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रथिनांच्या पावडरी टाळण्याचाच सल्ला दिला आहे.

आपली कळण्याची भाकरी काय कमी आहे? ज्वारीच्या प्रथिनांतली उणीव उडीद भरून काढतो. धावण्याआधी एक केळे, जेवणात भाकरी, वरण, पालेभाजी, ताक, रात्री दूध. दूध पचत नसेल तर दही खावे. रोजची शेवभाजी आणि तिची तर्री मात्र सरावाच्या दिवसांत आवरा.

वाचकहो, संध्याकाळी किटली भरण्याआधी घरचे दूध बाजूला काढा. त्यात मुलीचा पेला विसरू नका. भरतीत तिलाही ८०० मीटर धावायचे आहे.