दिवाणखान्यातली आगटी आणि आपली थंडी

नागपूरला थंडी पडते, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पटवून द्यावे लागते. त्यांच्या लेखी आपले शहर म्हणजे संत्री आणि मे महिन्याचे ऊन. पण २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे येथील पारा ३.५ अंशांवर उतरला आणि १९३७ च्या जानेवारीतला ३.९ अंशांचा विक्रम मोडला. त्या आठवड्यात जरीपटक्याच्या चौकाचौकांत शेकोट्या पेटल्या नसत्या तरच नवल! तेव्हा घर उबदार ठेवण्याचा प्रश्न आपला नाहीच, असे कोणी म्हणू नये. प्रश्न आपला आहे. मात्र त्याचे जे उत्तर हल्ली घरबांधणीच्या गुळगुळीत मासिकांतून शोधले जाते, ते आपले नाही, असे मला वाटते.

हे उत्तर म्हणजे फायरप्लेस. त्यातही ‘इन्सर्ट’ नावाची मोठी लोखंडी पेटी. वस्तू वाईट नाही. उलट, तिच्यामागचा विचार फार शहाणपणाचा आहे. भिंतीतल्या उघड्या आगटीत लाकूड जाळले, तर दहा-पंधरा टक्केच उष्णता खोलीच्या वाट्याला येते. बाकीची धुराड्यावाटे आकाश तापवायला निघून जाते. शिवाय जाताना ती खोलीतली ऊबदार हवाही ओढून नेते आणि दारा-खिडक्यांच्या फटींतून गार हवा आत घेते. म्हणजे तोंड भाजते आणि पाठ गारठते. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने १७४२ च्या सुमारास याच दुखण्यावर लोखंडी शेगडीचा उपाय काढला. इन्सर्ट हा त्याच घराण्यातला. जुन्या आगटीच्या पोकळीत लोखंडी पेटी बसवायची, तिला काचेचे घट्ट दार, हवा कमी-जास्त करायला झडप आणि धूर वर नेणारा नळ. मग उघड्या आगटीत वाया जाणारी उष्णता बरीचशी खोलीत राहते. चांगल्या पेटीत सत्तर टक्क्यांच्या आसपास.

आपल्याकडे हे शहाणपण नव्हते असे मुळीच नाही. न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, आणि तीच नळी वर धुराडे. काटक्या, शेंड्या, कागदाचे बोळे यांवर घरभराच्या आंघोळी उरकत. बंब काय किंवा इन्सर्ट काय, तत्त्व एकच: आग कोंडायची, पण धूर कोंडायचा नाही.

आता जरीपटक्यातल्या एखाद्या सद्गृहस्थाने नव्या बंगल्यासाठी बारा किलोवॅटचा मोठा इन्सर्ट पसंत केला असे समजा. एक किलो चांगले वाळलेले लाकूड जळून साधारण चार युनिट उष्णता देते. पेटीत सत्तर टक्के पदरात पडली, तर पावणेतीन-तीन युनिट. बारा किलोवॅटने पाच तास तापवायचे म्हणजे साठ युनिट, म्हणजे एका रात्रीला सुमारे एकवीस किलो लाकूड! आणि गरज किती? बाहेर दहा अंश असताना मध्यम आकाराच्या बंद खोलीत वीस अंश राखायचे असतील, तर विजेचा दीड-दोन किलोवॅटचा हीटर पुरतो. डिसेंबरातही आपली दुपार अठ्ठावीस अंशांच्या घरात असते आणि भिंती दिवसभर उन्हात शेकून निघतात. सीमांत उपयोगितेचा धडा शिकवायला आमच्या अर्थशास्त्राच्या वर्गाला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

‘मोठा घ्यावा आणि मंद चालवावा’ हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. नेमका तोच घातक आहे. झडप आवळली की लाकूड जळत नाही, घुसमटते. त्याचा धूर धुराड्याच्या थंड भिंतींवर डांबरासारखा चिकट थर धरतो आणि एखाद्या दिवशी तो थरच पेट घेतो. लहान पेटी मोकळेपणाने पेटवावी. मोठी पेटी मंद ठेवू नये. हे सूत्र थंड देशांतले जाणकार सांगतात, पण विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात ते बारीक टाइपात असते.

शेजाऱ्यांचे काय? हिवाळ्यात रात्रीची गार हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूर गल्लीतच तरंगतो. शहरांची हवा सुधारण्यासाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये जो कार्यक्रम सुरू केला, त्यात नागपूरचेही नाव आहे. दोन मजली घराचे धुराडे शेजारच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उघडत असेल, तर ती ऊब कोणाची आणि खोकला कोणाचा? विजेचा हीटर निर्दोष आहे असे मात्र मी म्हणणार नाही. त्याचा धूर कोराडी आणि खापरखेड्याला निघतो, एवढेच. तो आपल्याला दिसत नाही म्हणून नसतो असे नव्हे.

चिखलदऱ्याची गोष्ट वेगळी. ते सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे. तेथे घर असेल आणि धुराड्याची सोय असेल, तर लहान इन्सर्ट जरूर बसवावा. घेताना दुकानदाराला काचेच्या रंगाविषयी न विचारता खोलीच्या मापाविषयी विचारावे, झडप पूर्ण उघडी असताना तो किती उष्णता देतो ते पाहावे, आणि धुराडे झाडायला वर चढता येईल का याची खात्री करावी. लाकूड मात्र वाळलेलेच हवे. ताज्या तोडीच्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. ही एक बाब आपल्या बाजूची आहे, कारण विदर्भाच्या उन्हाळ्यासारखी लाकूड वाळवणारी भट्टी इतरांना विकत घ्यावी लागते! फर्निचरच्या कारखान्यातले रंगवलेले तुकडे आणि प्लायवूड मात्र जाळू नये. त्यातल्या गोंदाचा आणि रंगाचा धूर विषारी असतो.

पण मित्रहो, दिवाणखान्यांची चिंता करून थांबण्याइतका हा विषय हौसेचा नाही. ज्याला खरोखर निवड करून द्यायला हवी, तो माणूस बंगल्याच्या फाटकापाशी बसलेला असतो. रात्री थंडी वाढली की पहारेकरी कोळशाची शेगडी आपल्या खोलीत घेतो आणि दार लावतो. भाड्याच्या खोलीत राहणारे आपलेच काही विद्यार्थीही हे करतात. निखारे लाल दिसतात, धूर दिसत नाही, म्हणून भीती वाटत नाही. पण कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही. रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी धरून बसतो. आधी डोके दुखते, मग झोप येते, आणि त्या झोपेतून कित्येक जण उठलेले नाहीत. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात कोठेतरी चार ओळींची बातमी येते आणि आपण पान उलटतो.

काश्मीर-लडाखातली बुखारी म्हणजे पत्र्याचा डबा आणि छताबाहेर गेलेला नळ. त्या नळाच्या भरवशावर तिकडची माणसे हिवाळा काढतात. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी घडवलेल्या मगन चुलीचा गाभाही धुराडेच होता. पुढे १९८३ साली सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तो २००२ पर्यंत चालला, पण बसवलेल्या कितीतरी चुली दुरुस्तीवाचून मोडून पडल्या, कारण धुराडे झाडायचे कोणी, हे ठरलेच नव्हते.

आपल्या महाविद्यालयाच्या फाटकापाशी पहारेकऱ्यांची जी खोली आहे, तिच्यात गेल्या हिवाळ्यातही शेगडी होती आणि खिडकीला पुठ्ठा लावलेला होता. विद्यार्थी प्रतिनिधींनी दिवाळीच्या सुटीआधी प्राचार्यांना भेटून तेथे एक विजेचा हीटर आणि दोन जाड रजया मागाव्यात. ते होईपर्यंत पुठ्ठा काढायचे काम आपल्यापैकी कोणीही करू शकतो.