आत्याची नोंद घरातच व्हायला हवी

मूलबाळ नसलेली आत्या वारली की वर्तमानपत्रात चार ओळींचं निधनवृत्त येतं: वय, गाव आणि 'त्यांच्या पश्चात भाचे-भाच्या असा परिवार आहे'. त्यापलीकडे तिच्याबद्दल लेखी असं फारसं उरत नाही. ग्रामपंचायतीच्या मृत्युनोंदीत नाव, वय, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं. जुने कुलवृत्तान्त उघडले तर लग्न होऊन गेलेल्या लेकीची शाखा बहुधा तिथेच थांबलेली दिसते. या बाबतीत धर्मशास्त्र अधिक उदार होतं. आत्या-मावशीचं सुतक दीडच दिवसाचं, पण महालयात त्या दोघींच्या नावे पिंड द्यायला सांगितलं आहे. वर्षातून एकदा तरी कुणी तिचं नाव उच्चारावं, एवढी सोय जुन्या लोकांनी करून ठेवली होती. महालय करणारी घरं कमी होत गेली, तशी ती सोयही नाहीशी होत चालली आहे. म्हणून माझं म्हणणं असं की तिचं आयुष्य घरच्यांनी लिहून ठेवलं पाहिजे, आणि ते काम ती हयात असतानाच सुरू व्हायला हवं.

हे रत्नागिरी जिल्ह्याला विशेष लागू आहे. २०११च्या जनगणनेत राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, रत्नागिरीत ११२२. पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईला गेले. गाव बायकांनी सांभाळलं. २००१ ते २०११ या दशकात तर जिल्ह्याची लोकसंख्याच जवळपास सतरा लाखांवरून सव्वासोळा लाखांखाली आली. गुहागर तालुक्यातलं हेदवी दशभुजा लक्ष्मीगणेशासाठी आणि उमामहेश्वराच्या देवळाजवळच्या बामणघळीसाठी ओळखलं जातं. तिथे येणाऱ्या पाहुण्यांना देवळाचा इतिहास सांगणारे पुष्कळ भेटतात. मात्र अशा गावांतली बंद होत चाललेली घरं इतकी वर्षं कुणी उघडी ठेवली, हे कुठे लिहिलेलं नाही. ज्या घरात विधवा होऊन माहेरी परतलेली किंवा लग्न न झालेली आत्या होती, तिथे बहुतेक वेळा तिनेच ते उघडं ठेवलं. आगराची हद्द कोणत्या माडापाशी संपते, वैशाखात कोणती विहीर आटते, कुळाचाराला नैवेद्य काय, कोणतं कलम कुणी लावलं, कोणत्या वाटपात काय तोंडी ठरलं, हे सगळं तिला ठाऊक असतं. ती गेल्यावर भाचरं एकमेकांना फोन करून विचारतात आणि कुणालाच उत्तर देता येत नाही.

'आमच्या आत्यात लिहिण्यासारखं काय होतं? ती तर चुलीपाशीच राहिली,' असं कुणी म्हणेल. याच जिल्ह्यातल्या देवरुखात १८७० साली जन्मलेल्या पार्वतीबाई आठवले यांचं उदाहरण घ्या. विशीत वैधव्य आलेल्या पार्वतीबाई महर्षी कर्व्यांच्या मेव्हणी, म्हणजे त्यांच्या धाकट्या मुलांच्या सख्ख्या मावशी. त्यांनी कर्व्यांच्या आश्रमात काम केलं, संस्थेसाठी वर्गणी गोळा केली, पुढे अमेरिकेत जाऊन घरकाम करत इंग्रजी शिकल्या. हे आपल्याला इतकं तपशिलात माहीत आहे याचं मोठं कारण म्हणजे १९२८ साली त्यांनी 'माझी कहाणी' लिहिली. ते पुस्तक नसतं, तर कर्व्यांच्या चरित्रातल्या एका नातेवाईक बाईपुरतंच त्यांचं नाव उरलं असतं. प्रत्येक आत्या पार्वतीबाई नसते, हे कबूल. पण कोण किती मोठी होती हे लिहिल्यावर कळतं, आधी नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशा लिहिण्यातून जमिनीचे जुने वाद उकरले जातील. ही भीती खरी आहे, पण गप्प राहून वाद टळत नाहीत. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिने स्वतः कमावलेली मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेरकडे नंतर. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या, सासरने बाहेर काढलेल्या आणि आईवडिलांनी शिकवलेल्या एका नोकरदार स्त्रीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली असाच निकाल दिला. तिची पुंजी नणंदेच्या मुलांना मिळाली. ती कुणाजवळ राहिली, तिला कुणी सांभाळलं, याला कायद्याच्या लेखी किंमत नव्हती. तेव्हा आत्याची हकिकत लिहायला बसणाऱ्याने तिला मृत्युपत्राबद्दलही विचारावं. त्यात लोभ नाही. तिच्या इच्छेला मान आहे. आणि जे सांगायची तिची तयारी नाही, ते वगळावं. तिच्या दुःखावर तिचाच हक्क आहे.

गणपतीला चाकरमानी गावी येतात, घर भरलेलं असतं. तेव्हा एखाद्या भाचीने आत्याजवळ वही घेऊन बसावं. फोनवर आवाज टिपला तर उत्तमच. तिचं माहेरचं पूर्ण नाव, सासरचं नाव, आई कुठली, शाळा कितवीपर्यंत, कोणाची किती बाळंतपणं केली, आगर कसं शिंपलं, कोणत्या वर्षी कुणाला पैसे पाठवले, हे सगळं तिच्या शब्दांत उतरवावं. त्याच्या प्रती प्रत्येक भाच्याच्या घरी असाव्यात. आणि कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती निघेल तेव्हा ती पानं संपादकांकडे पाठवावीत, तिच्या स्वतंत्र नोंदीचा आग्रह धरून.