तबकड्यांचा बंदोबस्त
वैशाखात पारा ४५ अंशांना भिडणाऱ्या आमच्या वर्धा जिल्ह्यात, तळेगाव (श्यामजी पंत) येथील एका स्नेह्यांकडे, पत्र्याच्या छपराखाली गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या लाखेच्या तबकड्या आडव्या रचलेल्या या आठवड्यात पाहिल्या आणि जीव कळवळला; कारण उष्णतेने व भाराने वाकलेल्या तबकडीवरचा स्वर सरळ राहत नाही. तबकड्या सावलीत उभ्या ठेवाव्यात, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन यंत्रास दर बाजूस नवी पोलादी सुई लावावी आणि तिच्याखाली व्हिनाइलची तबकडी कदापि देऊ नये, हा दस्तूर मी निक्षून सांगतो. सुईची काटकसर करून तीन मिनिटांत साठवलेली अलौकिक गायकी झिजविणाऱ्यास मी रसिक मानीत नाही. आणि वाचकहो, चावी पुरती भरा; नाहीतर खाँसाहेबांची भैरवी मध्येच पेंगू लागते.