मिठागर म्हणजे पडीक जमीन?

मंडळी, खारट जागेत काही उगवत नाही असं आपण धरूनच चालतो. वॉलेमिया इक्थिओफागा (नावं ही अशी, काय करणार!) ही बुरशी मात्र मिठाशिवाय वाढतच नाही, तग धरायला पेशीत ग्लिसरॉल साठवते.

1945 साली सार्डिनियातल्या कालियारीत, सांडपाणी समुद्राला मिळतं अशा नाक मुरडण्याजोग्या जागी प्रा. ज्युसेप्पे ब्रोत्झू यांना एक बुरशी सापडली. सेफॅलेक्सिनसारखी औषधं तिच्याच वंशातली.

आणि आपण? 2024 साली राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतली सुमारे 256 एकर मिठागरांची जमीन घरांसाठी घ्यायला मान्यता दिली. घरं हवीतच हो. पण भराव टाकण्याआधी तिथला चार चमचे चिखल तरी एखाद्या प्रयोगशाळेत जाऊ द्या की!