रंगाचें सोवळें

कापडावर रंग चढविणारा तो रंगारी आणि कागदावर रंग चढविणारा तो कलावंत, असा एक वर्णभेद आमच्या कलाजगतांत फार दिवसांपासून नांदत आहे. विद्यार्थ्यानें जलरंगांत निसर्गचित्र काढलें म्हणजे त्याचें कौतुक होतें. तोच विद्यार्थी चौकटीवर जाळी ताणून, रबरी पट्टीनें रंगाची खळ ओढून सुती कापडावर प्रयोग करूं लागला, म्हणजे 'पोटापाण्यापुरती विद्या बरी आहे' एवढेच शब्द त्याच्या वांट्याला येतात. हा भेद निराधार आहे असें आमचें मत आहे. आणि हातकणंगले तालुक्यांत तर तो अनर्थकारक आहे असें आम्ही म्हणतों.

निराधार कसा, तें प्रथम पाहूं. ज्या वर्णशास्त्राचा चित्रकार अभिमानानें उल्लेख करतात, त्याचा एक मुख्य झरा रंगाऱ्याच्या कढईंतूनच निघाला आहे. शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ सालीं पॅरिसच्या गोबलँ येथील भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यांत रंगखात्याचा प्रमुख झाला. तेथील काळा रंग निस्तेज दिसतो अशी तक्रार होती. शोध घेतां दोष रंगांत नसून शेजारांत आहे असें निघालें. निळ्या-जांभळ्या छटांच्या सान्निध्यांत काळ्याचें तेज उतरत होतें. १८३९ सालीं त्यानें या विषयावर ग्रंथ लिहिला, आणि पुढें फ्रान्सच्या चित्रकारांनीं त्यापासून धडे घेतले. दूर कशाला? कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटरांनीं नाटकांचे पडदे रंगविले, ते पडदे म्हणजे कापडच नव्हे काय?

यावर आक्षेपक म्हणतील कीं, छपाई ही ठरीव मापांची कृति आहे. तींत प्रतिभेला वाव कोठें? हा आक्षेप घेणाऱ्यांनीं हात रंगविलेले नाहींत, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. निळ्यावर पिवळा छापला तर हिरवा दिसेल, हें शाळकरी मुलालाही ठाऊक असतें. पण कोणता हिरवा, हें कापड ठरवितें. कोरें सुती कापड मुळांतच किंचित् पिवळसर. त्यावर निळा मळकटतो, तोच धुवट कापडावर उजळतो. चिकटद्रव्यांत कालवलेला रंग धाग्याच्या पृष्ठावर बसतो आणि कापडाचा मऊपणा घालवितो. उलट १९५६ सालीं बाजारांत आलेले क्रियाशील रंग सोड्याच्या साह्यानें सुताशीं रासायनिक रीत्या एकजीव होतात. जाळी बारीक कीं भरड, खळ घट्ट कीं पातळ, पट्टीचा दाब किती, या प्रत्येक निवडीनें छटा बदलते. आणि एवढें करून तें कापड अंगावर पडलें, त्याला चुण्या पडल्या, म्हणजे दूर असलेले दोन रंग एकाएकीं शेजारीं येतात. ज्याला हें सर्व आधीं मनांत पाहावें लागतें, त्याला प्रतिभा नको असें म्हणणें धाडसाचें आहे.

आतां तालुक्याकडे वळूं. इचलकरंजी येथें १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग बसविला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचा त्या उद्योगाला आश्रय होता. आज तेथील माग लाखाच्या घरांत मोजतात. पण त्यांवरचें पुष्कळसें कापड कोरेंच गांव सोडतें आणि बालोत्रा, जेतपूर, अहमदाबाद येथें रंग लेऊन बाजारांत येतें. विणणारे हात आमचे, डोळा मात्र परक्याचा! याला पाणी, भांडवल, दर अशीं कारणें आहेत, तीं आम्ही नाकारीत नाहीं. परंतु कापडाला कोणता रंग द्यावा याचा विचार करणारीं माणसें येथील कलाशिक्षणानें पुरेशीं तयार केलीं नाहींत, हें कारण कोणी मोजीत नाहीं. हातकणंगल्याच्या स्थानकावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या एका हाताला कोल्हापूर, चित्रकारांची नगरी. दुसऱ्या हाताला इचलकरंजी, जेथें १९८२ पासून वस्त्रोद्योगाचें अभियांत्रिकी शिक्षणही मिळतें. एकीकडे डोळ्याचें शिक्षण, दुसरीकडे धाग्याचें. आणि दोहोंना जोडणारी वाट त्याची त्यानेंच शोधावयाची!

एक आक्षेप मात्र आम्ही आदरानें ऐकतों. रंगकामाचें दूषित पाणी काळ्या ओढ्यानें पंचगंगेला मिळतें; मग आणखी रंगारी कशाला, असें नदीकांठचा शेतकरी विचारील, तर त्याचा प्रश्न रास्त आहे. सांडपाणी शुद्ध करणारीं यंत्रें हवींतच. परंतु मुळांत रंग किती लागेल, हें नक्षी काढणाऱ्याच्या मेजावर ठरतें. क्रियाशील रंगाचा कांहीं भाग धाग्याला न धरतां पाण्याबरोबर निघून जातो. ज्यानें आपल्या हातानें तुकडा धुतला आणि बादलींतलें लाल पाणी पाहिलें, तो पुढच्या खेपेस विचारतो: रंग कमी घालून हीच छटा साधेल काय? पांढरी जमीन अधिक ठेवून दोनच रंगांत नक्षी बोलकी होईल काय? कारखान्यांत हजारों मीटरांवर होणारी चूक हातभर तुकड्यावर आधींच सांपडते. वनस्पतिरंग घेतले म्हणजे झालें, असें म्हणणाऱ्यांनींही तुरटी आणि हिराकस पाण्यांतच जातात, हें विसरूं नये.

म्हणून आमची मागणी साधी आहे. कलाविद्यालयाच्या प्रदर्शनांत चौकटींतील चित्रांच्या शेजारीं छापील कापडालाही भिंत मिळावी. त्याबरोबर कोणता रंग, किती माप, किती वेळां धुतलें, हेंही लिहून लावावें. परीक्षकांनीं फसलेल्या तुकड्यांनाही गुण द्यावे, कारण प्रयोगाची वही त्यांनींच भरते. आणि इचलकरंजीच्या कारखानदारांनीं वर्षांतून कांहीं दिवस तरी छपाईच्या मेजापर्यंत या मुलांना येऊं द्यावें. एवढें झालें नाहीं, तर मागांचा खडखडाट चालूच राहील, ओढाही काळाच राहील, आणि कलावंतांचें सोवळें तेवढें शुभ्र राहील. त्या शुभ्रतेचा कोणालाही उपयोग नाहीं.